अंथरुणावरचा रुग्ण आणि पोट साफ होण्याचा प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते आणि दवाखान्यात तापाच्या रुग्णांची गर्दी होती. एक ओळखीचे गृहस्थ रांगेतून पुढे येऊन म्हणाले, ''डॉक्टर, आईला कालपासून जुलाब लागलेत. थोडं थोडं, पातळ, दिवसातून सात-आठ वेळा. अंथरूण सारखं खराब होतंय. काहीतरी गोळी द्या.'' आजींचे वय ७८. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याजवळचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया होऊन त्या घरी आल्या होत्या, पण अजून अंथरुणावरच होत्या. मी घाईघाईत जुलाब थांबवणारी गोळी लिहून दिली आणि पुढच्या रुग्णाला बोलावले.

दोन दिवसांनी घरून बोलावणे आले. जाऊन पाहतो तो आजींचे पोट फुगलेले, सकाळपासून लघवी नाही, आणि बोलणे असंबद्ध. मुलाला त्या भावाच्या नावाने हाक मारीत होत्या. हातमोजा घालून गुदमार्गाची बोटाने तपासणी केली आणि सगळा उलगडा झाला. आत ढेकळासारखा कडक मळ गच्च बसला होता. मी सूनबाईंना विचारले, ''हे पातळ सुरू होण्याआधी, नीट शौचास कधी झालं होतं?'' त्या बोटे मोजू लागल्या आणि एकदम थांबल्या. ''नागपंचमीच्या आदल्या दिवशी. म्हणजे अकरा दिवस झाले की हो, डॉक्टर!''

आजींना जुलाब लागलेच नव्हते. त्यांना मलावरोध झाला होता. वर साठलेला पातळ मळ त्या कडक गोळ्याच्या कडेने झिरपत होता आणि आम्ही सारे त्याला जुलाब म्हणत होतो. त्यावर मी दिलेली गोळी म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी एक बोळा. चूक माझीच होती. शेवटचे शौच कधी झाले हा एक प्रश्न मी विचारला असता, आणि पोटावर हात ठेवून पाहिला असता, तर ती टळली असती.

नळी घालून लघवी काढली, प्रशिक्षित परिचारिकेने एनिमा देऊन मळ मोकळा केला, आणि तिसऱ्या दिवशी आजी पुन्हा मुलाला त्याच्या नावाने ओळखू लागल्या. तेव्हापासून घरात अंथरुणावर रुग्ण असलेल्या प्रत्येकाला मी जे सांगतो, ते आज सविस्तर लिहीत आहे. विषय थोडा संकोचाचा आहे. पण या संकोचापायीच अनेक रुग्णांचे हाल होतात.

मलावरोध कशाला म्हणावे?

''रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे'' अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यांतील कोणतीही सवय निरोगी माणसात असू शकते. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, मळ कडक असणे, फार कुंथावे लागणे, किंवा होऊनही 'पूर्ण झाले नाही' असे वाटत राहणे म्हणजे मलावरोध.

मोठ्या आतड्याचे एक काम म्हणजे मळातील पाणी शोषून घेणे. मळ आत जितका जास्त वेळ राहील तितके पाणी शोषले जाते आणि तितका तो कडक होतो. कडक झाला की पुढे सरकत नाही, आणि सरकला नाही की आणखी कडक होतो. असे हे चक्र आहे.

अंथरुणावरच्या माणसात हे चक्र लवकर सुरू होते. हालचाल थांबल्याने आतडी मंदावतात. आडवे पडून कुंथणे अवघड जाते. जेवण कमी होते. आणि एक कारण घरच्यांच्या लक्षात येत नाही. लघवीला न्यायला दुसऱ्याला उठवावे लागते, म्हणून म्हातारी माणसे मुद्दामच पाणी पीत नाहीत. तांब्या उशाशी भरलेला दिसतो, पण संध्याकाळीही तो तेवढाच भरलेला असतो. शिवाय सुनेसमोर किंवा मावशीसमोर भांडे घ्यायची लाज वाटते, म्हणून आलेली संवेदना दाबून ठेवली जाते.

आता औषधांची पिशवी उघडून पाहा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधे, कंपवातावरची व नैराश्यावरची काही औषधे, रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी व्हेरापामिल, कोडीनचे खोकल्याचे औषध, वेदनेसाठीच्या ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनच्या गोळ्या. या सगळ्यांनी मलावरोध होऊ शकतो. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. त्यांनी येणारी मळमळ, गुंगी काही दिवसांनी कमी होते. मलावरोध मात्र कमी होत नाही. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन सुरू होते त्याच दिवशी रेचकही सुरू करावे लागते. तसे ते लिहून दिले नसेल तर डॉक्टरांना आठवण करून देण्यात संकोच करू नका.

औषधाआधी एक पेन्सिल

माझ्या मते या रुग्णाच्या खोलीतली सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे पेन्सिल. त्या आजींच्या सूनबाईंनी पुढे एक सोपी युक्ती केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडतात ना, त्याच चौकोनात त्या आजींच्या शौचाची नोंद करू लागल्या. झाले तर बरोबरची खूण, शेजारी किती आणि कसे. नाही झाले तर फुली. घरात दोघी-तिघी आळीपाळीने सेवा करीत असतात तेव्हा 'कालच्या पाळीत झालं असेल' असे प्रत्येकीला वाटत राहते, आणि आठ दिवस निघून जातात. कॅलेंडर अशी गल्लत होऊ देत नाही.

'कसे' हे लिहिण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक मोजपट्टी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी १९९७ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्यात मळाचे सात प्रकार आहेत. पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा सुट्या कडक गोळ्यांचा, दुसरा गाठीगाठींचा, तिसरा वरून भेगा असलेला, चौथा केळ्यासारखा मऊ व गुळगुळीत, पाचवा मऊ तुकड्यांचा, सहावा लापशीसारखा आणि सातवा निव्वळ पाण्यासारखा. तिसरा व चौथा उत्तम. पहिला व दुसरा म्हणजे मलावरोध. नुसता आकडा लिहिला तरी डॉक्टरला सारे कळते.

सलग तीन फुल्या पडल्या की चौथ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. आणि अनेक फुल्यांनंतर एकाएकी सहा-सात प्रकारचे थोडे थोडे, वारंवार होऊ लागले, तर जुलाबाची गोळी देऊ नका. आधी आत मळ अडकला आहे का याची तपासणी करून घ्या.

घरी करण्याजोगे

न्याहारी किंवा गरम चहा पोटात गेल्यावर आतड्यांना आपोआप चालना मिळते. म्हणून सकाळच्या खाण्यानंतर वीस मिनिटे ते अर्ध्या तासात रुग्णाला रोज ठरलेल्या वेळी बसवावे, संवेदना आली नसली तरीही. शक्य असेल तर बेडपॅनपेक्षा कमोडची खुर्ची बरी. पायाखाली लाकडी पाट ठेवला की गुडघे वर येतात, अंग थोडे पुढे झुकते आणि आपल्या उकिडवे बसण्यासारखी स्थिती होते. मात्र खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला इतके वाकवायचे की नाही हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. दार लोटून घ्या किंवा साडीचा आडपडदा करा, आणि 'झालं का, झालं का' असा तगादा लावू नका.

पाणी एकदम तांब्याभर न देता दर तासा-दीड तासाने अर्धा पेला द्यावे. ताक, पेज, वरणाचे पाणी, नारळपाणी हेही त्यात धरावे. दिवसभरात सहा-आठ पेले पोटात जावेत. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र पाणी किती आणि नारळपाणी चालेल का, हे डॉक्टरच ठरवतील. पपई, भिजवलेल्या मनुका, अंजीर, शिजवलेल्या पालेभाज्या द्याव्यात. कुशीवर वळवणे, पाय हलवणे, पलंगाच्या कडेला बसवणे, एवढी हालचालही उपयोगी पडते.

औषधे : कोणते काय करते?

दुकानात 'पोट साफ होण्याचे औषध' म्हणून मिळणाऱ्या सर्वांची कामे वेगवेगळी आहेत. त्यांचे मुख्यत: चार गट करता येतात.

पहिला गट मळाचे आकारमान वाढवणाऱ्या औषधांचा. इसबगोल हे त्याचे घरोघरचे उदाहरण. हिंडत्याफिरत्या माणसाला ते चांगले, कारण ते पाणी धरून फुगते. पण तेच अंथरुणावरच्या रुग्णाला अडचणीचे ठरते. पाणी पुरेसे गेले नाही तर ते आतड्यात लगद्यासारखे बसून अडथळा वाढवते, आणि गिळायला त्रास असेल तर घशातच फुगू शकते. आत मळ अडकलेला असताना तर इसबगोल मुळीच देऊ नये. ज्यांना द्यायचे त्यांनाही पूर्ण पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायला द्यावे, अगदी झोपताना नव्हे.

दुसरा गट आतड्यात पाणी खेचून धरणाऱ्या औषधांचा. लॅक्टुलोजचे गोड पातळ औषध आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पाण्यात विरघळवायची पूड ही यातली प्रमुख. अंथरुणावरच्या बहुतेक रुग्णांना मी यांपैकीच एक सुरू करतो. लॅक्टुलोज साधारणपणे रोज १५ ते ३० मिलिलिटर द्यावे लागते. मात्र त्याचा गुण यायला एक ते दोन दिवस, कधी तीन दिवसही लागतात. ''रात्री दिलं, सकाळी काहीच नाही'' म्हणून बाटली फडताळात ठेवून देणारे पुष्कळ भेटतात. हे रोज घ्यायचे औषध आहे. सुरुवातीला पोटात वायू धरतो, तो बहुधा कमी होतो. मिल्क ऑफ मॅग्नेशिया हेही याच जातीचे. पण मूत्रपिंड अधू असेल तर त्यातील मॅग्नेशियम रक्तात साठते. वृद्धांना ते विचारल्याशिवाय देऊ नका.

तिसरा गट मळ मऊ करणाऱ्यांचा. यातील डॉक्युसेट हे नुसते, एकट्याने, फारसे काम करत नाही असे अभ्यासांत आढळले आहे. दुसरे म्हणजे लिक्विड पॅराफिन. ते तेलकट असते. आडवे पडून किंवा ठसका लागत असताना दिले तर ते नकळत श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा दाह होतो. म्हणून अंथरुणावरच्या आणि गिळण्यास त्रास असलेल्या रुग्णाला ते देऊ नये.

चौथा गट आतड्याला चालना देणाऱ्या रेचकांचा. यात बिसाकोडिलची गोळी आणि सोनामुखी म्हणजे सेन्ना येते. रात्री दिले की सकाळपर्यंत काम होते. बिसाकोडिलच्या गोळीवर वेष्टण असते, ते आतड्यात पोहोचल्यावर विरघळावे म्हणून. गोळी कुटून किंवा दुधाबरोबर दिली तर ते पोटातच सुटते आणि मुरडा येतो. आपल्याकडे रात्रीच्या गोळ्या दुधाबरोबर देण्याची पद्धत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. ही गोळी पाण्याबरोबर द्या. दूध आणि आम्लपित्ताचे औषध तिच्यापासून तासभर दूर ठेवा. सोनामुखीने लघवीचा रंग पिवळट-तांबूस होतो, त्याने घाबरू नका. बाजारातील पोट साफ होण्याच्या अनेक चूर्णांत सोनामुखीच असते. तेव्हा चूर्ण आणि गोळी दोन्ही दिली तर डोस दुप्पट होतो. डब्यावरचे घटक वाचण्याची सवय ठेवा.

निवड कशी करायची?

कॅलेंडरकडे पाहा. मळ एक किंवा दोन प्रकारचा, कडक असेल तर पाणी खेचणारे औषध हवे. मळ मऊ आहे, पण बाहेर ढकलायला जोर नाही, तर चालना देणारे हवे. मॉर्फिनसारखे औषध चालू असेल तर बहुधा दोन्ही लागतात. आणि मळ आत अडकून बसला असेल तर वरून जोरदार रेचक देणे म्हणजे बंद दारावर गर्दी ढकलणे. पोटात कळा येतील, उलट्या होतील. अशा वेळी आधी खालून वाट मोकळी करावी लागते. रोगी एक, कारणे वेगळी, म्हणून शेजारच्या काकांना लागू पडलेले औषध आपल्या आजोबांना लागू पडेलच असे नाही.

''रोज रेचक दिलं तर सवय नाही का लागणार?'' हा प्रश्न हमखास येतो. तरण्याताठ्या माणसाने कारणाशिवाय रोज चूर्ण घेणे मलाही मान्य नाही. पण ज्याची हालचालच थांबली आहे त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज औषध देणे यात काही गैर नाही. सवयीच्या भीतीने चार-पाच दिवस काही न देणे आणि मग एकदम तीव्र औषधाने 'धुऊन काढणे', हे जास्त घातक. पातळ होऊ लागले तर मात्रा कमी करा, पण कॅलेंडर पाहूनच. खूप जुलाब झाले तर शरीरातील पाणी व पोटॅशियम कमी होते. लघवी वाढवणारी गोळी किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरोग्याला ते विशेष धोक्याचे आहे.

एरंडेलाबद्दलही विचारतात. त्याने जोराची कळ येऊन पाण्यासारखे होते. अशक्त, वृद्ध रुग्णाला ते देऊ नका.

खालून द्यायची औषधे

ग्लिसरीनची किंवा बिसाकोडिलची सपोझिटरी, म्हणजे गुदमार्गात ठेवायची वडी, घरीही देता येते. परिचारिकेकडून एकदा शिकून घ्या. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगावे, हातमोजा घालावा, आणि वडी हलकेच बोटभर आत, कडेच्या अस्तराला लागेल अशी ठेवावी. ती मळाच्या गोळ्यात खुपसली तर उपयोग होत नाही. पंधरा मिनिटे ते तासाभरात गुण येतो, म्हणून कमोडची खुर्ची आधीच तयार ठेवा.

एनिमाच्या बाबतीत मात्र सावध राहा. तयार बाटलीतील फॉस्फेटचा एनिमा वृद्धांत, मूत्रपिंडाच्या व हृदयाच्या रुग्णांत रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडवू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये फॉस्फेटच्या रेचकांबाबत तसा इशारा दिला होता. एकाने काम झाले नाही म्हणून त्याच दिवशी दुसरा देणे तर जिवावर बेतू शकते. साबणाच्या पाण्याच्या एनिमाने आतड्याच्या अस्तराचा दाह होतो, तो घरी करू नये. बोटाने मळ काढण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीचेच. त्यात रक्तस्राव होऊ शकतो, हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या रुग्णात तर अशा वेळी रक्तदाब अचानक फार वाढू शकतो.

डॉक्टरांना ताबडतोब केव्हा बोलवावे?

पोट फुगून ताणले आहे, वायूही सरत नाही आणि उलट्या होत आहेत, तर रेचक देऊ नका. आतड्यात अडथळा असू शकतो, सरळ रुग्णालय गाठा. मळातून रक्त जाणे, पोटात असह्य दुखणे, लघवी अडणे, रुग्ण अचानक भ्रमिष्टासारखा बोलू लागणे, ही लक्षणेही थांबण्यासारखी नाहीत. आणि चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाची सवय वयाच्या पन्नाशीनंतर एकाएकी बदलली, वजन घटू लागले, रक्त कमी झाले, तर चूर्णावर महिने घालवू नका. थायरॉईडची मंदता किंवा आतड्याचा कर्करोगही असा सुरू होऊ शकतो.

त्या आजी पुढे काठी घेऊन अंगणात फिरू लागल्या. मी एकदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा कॅलेंडरवर खुणा चालूच होत्या. मी म्हणालो, ''आता हे बंद केलं तरी चालेल.'' आजी हसून म्हणाल्या, ''असू द्या, डॉक्टर. दूधवाल्याचा हिशोब ठेवतो, मग माझा नको का?''

तुमच्या घरी कोणी अंथरुणावर असेल तर हा अंक बाजूला ठेवण्याआधी एवढेच करा. त्यांना शेवटचे नीट शौचास कधी झाले, हे घरात विचारा. कोणालाच सांगता आले नाही, तर आजच्या तारखेपासून कॅलेंडरवर पहिली खूण करा.